अंगी लागणं

डंडीत जानेवारीत पावणेनऊला उजाडतं.
त्याआधीच मी कॅप्सूल उघडते,
दोन्ही टोकं चिमटीत धरून, जरा पिळून.
सफरचंदाच्या गराच्या चमच्यावर
राजगिऱ्याएवढे तपकिरी दाणे.
चावायचे नाहीत. तोंडात घोळवायचे नाहीत.
गिळ. वर पाणी.
आता खा पराठा.

पहिली दोन वर्षं ती नुसती खायची.
ताटली बोटानं पुसून घ्यायची,
पुन्हा वाटी पुढं,
आणि आंघोळ घालताना फासळ्या हाताला लागायच्या.
फोनवर नणंद म्हणाली, दृष्ट काढ.
काढली. मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या.
इलेक्ट्रिक शेगडीवर मिरच्या नीट जळेनात,
धुराचा अलार्म मात्र वाजला.
शेजारचे मिस्टर लॉरिमर मोजे घातलेल्या पायांनी धावत आले.

खाल्लेलं अंगी लागत नाही, असं आमच्याकडे
उंडारणाऱ्या पोरांना म्हणायचे.
अर्धं कौतुकच असायचं त्यात.
टेकडीवरच्या हॉस्पिटलात मोरॅग गेडीज बाईंनी
तेच वाक्य आकड्यांत सांगितलं,
वक्ररेषांच्या कागदावर एक टिंब काढून,
सगळ्या रेषांच्या खाली.
स्वादुपिंड. कुणी ठेवलं असेल इतकं गोड नाव?
तिचं रसच सोडत नाही.
साय, लोणी, तूप आत जातं
आणि ओळख न होता बाहेर येतं,
पाण्यावर तवंग धरून.
त्याचं बोट धरून आत जाणारी जीवनसत्त्वंही
दारातूनच परततात.
त्यातलं एक तर उन्हाचं,
आणि इथं ऊन तसंही उधारीवर.

तूप बंद करू का, मी विचारलं.
वाढवा, त्या म्हणाल्या.
मला रडू आलं ते त्या शब्दाला.

दाणे कशाचे, ते तिसऱ्या भेटीत कळलं.
डुकराच्या स्वादुपिंडाचे.
माझ्या ओट्यावर आजवर अंडं फुटलेलं नाही.
रात्री भांडी विसळताना कौस्तुभ म्हणाला,
वराहानंच काढली होती ना पृथ्वी वर, पाण्यातून?
देवळाबाहेर चपला सांभाळत थांबणारा माणूस हा.
पुढं बोलला नाही. मीही नाही.
पृथ्वीचंच एक नाव, मेदिनी,
त्याच्या आत्याचं, ती गेली तेव्हा मुलीला दिलेलं.
मेद म्हणजे चरबी.
अर्थ बघून कोण ठेवतं नावं!

शाळेत जेवणाच्या सुट्टीत सेंगा कारगिल
तिच्या शेजारी बुटक्या खुर्चीवर बसतात.
मेदिनी त्यांना शेंगा म्हणते.
शाळेत शेंगदाण्यांना बंदी,
शेंगा मात्र रोज.
चीज असलं तर दोन, चिप्सना दोन,
सफरचंदाला काही नको: हे वहीत आहे.
वहीत नसतं ते वाढदिवसाचं.
मी बसमध्ये, नदीच्या पुलावर, वारा काचेला भिडलेला,
आणि फोनवर त्यांचा तो जाडाभरडा डंडी उच्चार:
केक आलाय, आयसिंगवाला. किती?
तीन, मी म्हटलं. पुढचा माणूस वळून बघायला लागला.
दुसरा तुकडा मागितला तर?
मग आणखी एक, मी जरा जोरातच म्हटलं,
मागू दे तिला, मागू दे.

काल फ्लश करायच्या आधी
दार सताड उघडून तिनं आरोळी ठोकली:
आई, बुडालं!
कौस्तुभ अर्धी दाढी तशीच ठेवून आला.
तिघं वाकून बघत राहिलो,
गणपती नेऊन आलेल्या लोकांसारखे
कृतार्थ, जरा वेडगळ.
तवंग नव्हता.

संध्याकाळी नणंदेला फक्त वजन सांगितलं.
चारशे ग्रॅम.
बघ, ती म्हणाली,
दृष्टच होती.